शहराबाहेरच्या हिरव्या रस्त्यांवर पहिली गाइडेड सायकल टूर : नवख्यांनी काय काय करायचं

गाडीच्या काचेतून दिसणारी शेतं आणि सायकलवरून दिसणारी शेतं ही मला दोन वेगळी ठिकाणं वाटतात. ताशी ६० ने जाताना नुसता हिरवा रंग मागे सरकत जातो, ताशी १२-१३ ने जाताना मात्र ओल्या मातीचा वास येतो, पाटातल्या पाण्याचा आवाज येतो, बांधावरचा पक्षी उडून जायच्या आधी दोन सेकंद नीट बघायला मिळतो. म्हणून कुणी म्हणालं की शहराचा वीट आलाय, एक दिवस काय करू, तर मी डोळे झाकून सांगते, शहराजवळच्या गावांमधून गाइडबरोबर सायकल टूर कर.

मग पुढचे प्रश्न ठरलेले. मला झेपेल का, मागे पडले तर काय, दहा वर्षांत सायकलला हात लावला नाही. मी अशा बऱ्याच टूर केल्यात, आणि माझं पक्कं मत असं झालंय की पहिल्यांदा येणाऱ्यांचे हाल दम नसल्यामुळे फारसे होतच नाहीत. हाल होतात ते सीट चुकीच्या उंचीवर असते म्हणून, जड गिअरवर पाय रेटत राहतात म्हणून, आणि काही दुखतंय-खुपतंय ते कुणाला सांगत नाहीत म्हणून. यातलं तिसरं सगळ्यात वाईट. गाइडला तुमची सायकल दिसते, तुमचा गुडघा आतून दुखतोय ते दिसत नाही. तेव्हा खाली मी पुन्हा पुन्हा "सांगा" म्हणणार आहे, ते मुद्दाम.

पायरी १ : टूर निवडताना नुसते किलोमीटर बघू नका

माहितीत लिहिलेलं असतं २५ किमी. पण कालव्याच्या कडेने सपाट २५ किमी आणि टेकड्यांमधून वरखाली २५ किमी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून बुक करायच्या आधी विचारा की पूर्ण रस्त्यात मिळून चढ किती मीटरचा आहे. २५ किमीत १००-१५० मीटर असेल तर नवख्या माणसाला आरामात जमतं. ५००-६०० मीटर असेल तर पहिल्या वेळी नको. आणि तो चढ सगळा एकाच ठिकाणी आहे की थोडा थोडा वाटला गेलाय तेही विचारा, कारण १ किमीत १०० मीटर वर जायचं म्हणजे १० टक्क्यांचा चढ झाला, तिथे रोज चालवणारेसुद्धा कधी कधी उतरून सायकल ढकलत नेतात.

मग रस्ता कसा आहे ते. डांबरी, मुरमाचा, मातीचा की खडीचा. मातीचा रस्ता कोरडा असताना छान असतो पण पाऊस पडून गेला की चिखल मडगार्ड आणि चाकाच्या मधे भरतो आणि चाक फिरेनासं होतं, मग सायकल उचलून न्यावी लागते. पाऊस झाला तर दुसरा रस्ता ठरवलेला आहे का, हे विचारल्यावर जो माणूस लगेच नीट उत्तर देतो त्याच्याबरोबर जावं असं माझं मत.

वेळेचा हिशोब स्वतः करून बघा. नवखा माणूस सपाटीवर आरामात ताशी १२ ते १५ किमी जातो, म्हणजे २५ किमीला दोन तास नुसतं पायडल मारायचं, त्यात पाणी, फोटो, नाश्ता, एखादं पंक्चर धरलं की साडेतीन-चार तास सहज. कुणी २५ किमीची टूर दोन तासांत उरकणार असेल तर ती पळायची टूर आहे, बघायची नाही.

ग्रुप किती जणांचा आणि गाइड किती, हे तर विचाराच. एक गाइड पुढे आणि एक सगळ्यात मागे, अशी रचना हवी. मागच्या गाइडच्या मागे कुणीही राहायचं नाही हा त्याचा नियम असतो, त्यामुळे तुम्ही कितीही हळू असलात तरी एकटे पडत नाही. एकच गाइड आणि पंधरा माणसं, अशा टूरला नवख्यांनी जाऊ नये. ८-१० माणसांना दोन गाइड म्हणजे उत्तम.

अजून एक, टूर सुरू कुठून होते? शहराच्या मध्यातून सुरू होत असेल तर पहिले ४-५ किमी ट्रॅफिकमधून काढायचे असतात, आणि नवख्याला अख्ख्या दिवसातले हेच सगळ्यात अवघड किलोमीटर वाटतात, हिरवळीतले नाही. शहराच्या टोकाला भेटून तिथून निघणारी टूर मिळाली तर ती घ्या, नाहीतर निदान पहाटे ट्रॅफिक सुरू व्हायच्या आधी निघणारी.

बुक करतानाच पहिलं "सांगा" येतं. स्वतःची उंची खरी सांगा कारण त्यावरून सायकलची साइझ ठरते. दमा, बीपी, हृदयाचा त्रास, जुनं गुडघ्याचं दुखणं, शेवटची सायकल कधी चालवली, सगळं सांगा. कमीपणा कसला त्यात. गाइड त्यावरून तुम्हाला कुठे ठेवायचं, बॅकअप गाडी लागेल का, हे ठरवतो. आजार असेल तर आधी डॉक्टरांनाही विचारा.

ई-सायकलचा पर्याय असेल आणि चढाची धास्ती असेल तर जरूर घ्या. फक्त एवढं लक्षात ठेवा की ती साध्या सायकलपेक्षा बरीच जड असते, २०-२५ किलोच्या आसपास, त्यामुळे उचलायची वेळ आली तर मदत लागते आणि ब्रेक जरा आधी लावावा लागतो.

पायरी २ : आठवडाभर आधी दोनदा सायकलवर बसा

कुणाचीही सायकल चालेल. मित्राची, शेजाऱ्याची, भाड्याची. ८-१० किमी, दोन वेगळ्या दिवशी. यात तब्येत वगैरे कमवायची नाहीये, ती आठवड्यात होतही नाही, फक्त बुडाला सीटची ओळख होऊ द्यायची. पहिल्यांदा बसल्यावर जिथे दुखतं तिथे दुसऱ्यांदा कमी दुखतं, ते दुखणं टूरच्या दिवशी नको म्हणून हा खटाटोप.

आणि मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर तीन गोष्टी करून बघा. एक, एक हात सोडून सरळ जाता येतं का, कारण हाताने खूण करायला आणि पाणी प्यायला हात सोडावा लागतो. दोन, खांद्यावरून मागे वळून बघताना सायकल त्या बाजूला वळते का, बहुतेक नवख्यांची वळते, चार-पाचदा केलं की सुधारतं. तीन, ठरवलेल्या रेघेवर बरोबर थांबता येतं का.

पायरी ३ : कपडे आणि हेल्मेट

पँट सैल असेल तर उजवा पाय चेनमध्ये अडकतो, म्हणून घोट्याजवळ घट्ट असलेली पँट किंवा शॉर्ट्स. बुटाच्या लेस आत खोचा. जाड शिवणीची जीन्स अजिबात नको, तासाभराने ती शिवण कुठे कुठे टोचते ते सांगवत नाही. पॅड असलेली सायकलची शॉर्ट्स घेतलीच तर ती आतल्या कपड्याशिवाय घालायची असते, हे दुकानात कुणी सांगत नाही आणि मग लोक वरून घालतात आणि पॅड असूनही घासून जखमा होतात. मांड्या घासत असतील तर आधीच व्हॅसलीन लावा, जळजळ सुरू झाल्यावर लावून उपयोग कमी होतो.

साधा गॉगल किंवा पारदर्शक चष्मा हवाच, उन्हासाठी म्हणून नाही, शेताच्या रस्त्यावर किडे आणि धूळ डोळ्यात जातात आणि उतारावर एक क्षण डोळा मिटला तरी धोका. हातमोजे असले तर बरं, पडताना माणूस आधी तळहातच टेकवतो.

हेल्मेट आडवं बसलं पाहिजे, भुवईच्या वर दोन बोटं. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट समोरून पडल्यावर काहीच वाचवत नाही. दोन्ही बाजूचे पट्टे कानाखाली इंग्रजी व्ही सारखे जुळले पाहिजेत आणि हनुवटीखाली एखाद-दोन बोटं जाण्याएवढीच जागा. टूरवाल्यांचं हेल्मेट घेणार असाल तर आतून बघा, फोमला तडा गेलेला असेल तर दुसरं मागा. तो फोम एकदा दबून धक्का झेलण्यासाठीच बनवलेला असतो, जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून नवं दिसलं तरी परत वापरायचं नसतं.

पायरी ४ : बॅगेत काय

कमीत कमी. पाठीवर जड सॅक घेतली की सगळं वजन हातांवर आणि बुडावर येतं आणि पाठ घामाने भिजते. पाणी सायकलच्या दांड्यावरच्या बाटलीच्या पिंजऱ्यात, बाकी लहान पिशवीत : थोडं खाणं, रोजची औषधं, ओळखपत्र, थोडे सुटे पैसे, पावसाळी जॅकेट, सनस्क्रीन, चार्ज केलेला फोन. दम्याचा पंप असेल तर तो बॅकअप गाडीत नाही, स्वतःच्या खिशात.

पायरी ५ : निघायच्या आधीची दहा मिनिटं

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण अख्खा दिवस इथे ठरतो. सकाळी सगळ्यांना निघायची घाई असते, फोटो काढणं चालू असतं, आणि जी सायकल हातात येते तिच्यावर लोक तसेच बसतात. माझ्या पहिल्या टूरला मीही बसले होते. दहाव्या किलोमीटरला गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ यायला लागली, मला वाटलं आपल्या पायातच ताकद नाही, म्हणून गप्प राहिले. अजून सहा किलोमीटर तशीच गेले. शेवटी मागच्या गाइडनेच ओळखलं, थांबवलं, सीट साधारण तीन बोटं वर केली आणि पाचच मिनिटांत फरक कळला. ती कळ सहा किलोमीटर आधीच थांबवता आली असती, नुसतं बोलले असते तर.

तर सीटची उंची अशी बघायची : कुणाला तरी सायकल धरायला सांगा, सीटवर बसा, पायडल एकदम खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी पायाचा पुढचा भाग, बोटांच्या मागचा फुगीर भाग, पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहतो, २५ ते ३५ अंश, तेवढाच हवा. पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट जास्त वर आहे. नवख्यांना सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं वाटतं, आणि तिथेच गडबड होते, कारण तेवढी खाली सीट असली की गुडघ्यावर ताण येतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं, बसून पाय टेकवायचे नसतात, दोन-तीनदा केलं की सवय होते. आणि सीट वर करताना नळीवर जी शेवटची खूण असते तिच्या वर ती काढायची नाही, तेवढी लांबी लागत असेल तर सायकलच लहान आहे, दुसरी मागा.

ब्रेक. कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा हे आधी दाबून बघा. काही देशांत उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो, काही देशांत डाव्या हाताचा, आणि भाड्याच्या सायकलींत दोन्ही प्रकार सापडतात. पुढचा ब्रेक जास्त ताकदीचा, कारण थांबताना सगळं वजन पुढे येतं, पण तो एकदम करकचून दाबला तर माणूसही पुढे जातो. दोन्ही मिळून, हळूहळू जोर वाढवत दाबायचे. ब्रेकचा दांडा पूर्ण हँडलला टेकत असेल तर निघायचंच नाही, गाइडला सांगा.

हवा. टायरच्या बाजूला किती हवा चालते ते छापलेलं असतं. ३५-४० मिलिमीटर रुंदीच्या टायरला माणसाच्या वजनाप्रमाणे साधारण ४० ते ६० पीएसआय, मातीचा रस्ता असेल तर खालच्या बाजूला. हवा कमी असली की सायकल ओढल्यासारखी जड वाटते आणि दगडावर आपटून ट्यूब चिमटली जाते, फार जास्त असली तर प्रत्येक खडा हातात जाणवतो. हे हवेचं टायर म्हणजे सायकलला मिळालेलं मोठं वरदान आहे बरं का. जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टमधल्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलचे हादरे कमी व्हावेत म्हणून ते बनवलं आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं, त्याआधी टायर भरीव रबराचे असायचे.

शेवटी सायकल दोन इंच उचलून सोडा, काही खडखडतंय का ऐका. दोन्ही चाकं फिरवून बघा, कुठे घासतंय का. झालं.

पायरी ६ : गिअर, एवढंच समजून घ्या

मागच्या चाकाजवळची मोठी चकती म्हणजे हलका गिअर, चढासाठी. लहान चकती म्हणजे जड, सपाटीला आणि उताराला. पुढे पायडलजवळ दोन-तीन चकत्या असतील तर तिथे उलटं, लहान चकती हलकी. पुढे चेन पहिले काही किलोमीटर मधल्या चकतीवर ठेवून द्या, आणि नुसता मागचा गिअर बदलत राहा.

पायडल भरभर आणि हलकं फिरलं पाहिजे. मिनिटाला ७० च्या आसपास फेरे, म्हणजे अर्ध्या मिनिटात उजवा पाय ३५ वेळा खाली गेला पाहिजे, एकदा मोजून बघा म्हणजे अंदाज येतो. नवखे लोक जड गिअरवर हळूहळू दाब देत जातात कारण तसं केल्यावर ताकद लावल्यासारखं वाटतं, पण त्याने मांड्या तासाभरात भरून येतात.

गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदलायचा. चढावर अर्ध्यात, पूर्ण जोर लावलेला असताना बदलायला गेलं की कडकड आवाज होतो, कधी चेनच पडते, आणि सायकल जागच्या जागी उभी राहते. उशीर झालाच तर एक सेकंद पायावरचा जोर कमी करा, पायडल फिरतं ठेवा आणि मग बदला. नाहीच जमलं तर उतरा आणि ढकलत न्या. चढावर सायकल ढकलत नेणं हा सायकलिंगचाच भाग आहे, मी आजही नेते.

पायरी ७ : ग्रुपमध्ये चालवताना

ताशी २० चा वेग म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. पुढच्याने ब्रेक लावला हे कळून तुमचं बोट ब्रेकवर जायला एक सेकंद धरा, तेवढ्यात तुम्ही तीन सायकलींच्या लांबीएवढं पुढे गेलेले असता. म्हणून पुढच्या माणसापासून किमान तेवढं अंतर ठेवा, उतारावर त्याच्या दुप्पट. आणि थेट त्याच्या मागच्या चाकाकडे बघत बसू नका, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा.

एकामागे एक चाला. अचानक थांबू नका, थांबायचं असेल तर आधी मोठ्याने सांगा, मग कडेला घ्या, रस्त्याच्या मधे सायकल आडवी लावून फोटो काढू नका. गाइड ज्या खुणा करतो त्या मागच्या माणसापर्यंत पोचवायच्या असतात : हात वर म्हणजे थांबा, खाली बोट म्हणजे खड्डा, मागून "गाडी" अशी हाक आली की पुढेही तशीच हाक द्यायची. पहिले दहा मिनिटं ओरडायला लाज वाटते, पण मागचा माणूस त्या हाकेवर अवलंबून असतो हो.

फाट्यावर पुढचे लोक दिसेनासे झाले तर अंदाजाने वळू नका. तिथेच थांबा. मागचा गाइड येतोच.

वाऱ्याबद्दलही सांगते, कारण नवख्यांना वाटतं सपाटीवर दम का लागतोय. मोकळ्या शेतात वारा अडवायला काहीच नसतं, समोरून वारा असला की सपाट रस्तासुद्धा चढासारखा लागतो. अशा वेळी हलका गिअर घ्या आणि वेगाचा विचार सोडा.

पायरी ८ : गावाकडचे रस्ते

खडी किंवा वाळू आली की खडीत शिरायच्या आधी वेग कमी करा, आत गेल्यावर पुढचा ब्रेक दाबू नका आणि हँडल झटकन वळवू नका. हात सैल, कोपर वाकलेले, पायडल फिरतं. सायकल थोडी इकडेतिकडे सरकते, सरकू द्या, ती स्वतः सरळ होते. हँडल आवळून धरलं की माणूस पडतो.

उतारावर दोन्ही पायडल आडव्या रेषेत ठेवा, बूड जरा मागे घ्या, आणि वळणाच्या आधी ब्रेक लावून मोकळे व्हा, वळणात नाही. रेल्वेचे रूळ आडवे आले तर शक्य तितकं काटकोनात ओलांडा, ओले असतील तर उतरून.

कुत्रा भुंकत मागे आला तर जोरात पळवण्याचा मोह होतो. पळणाऱ्याच्या मागे तो जास्त लागतो. मी वेग कमी करते, जवळ आलाच तर उतरून सायकल त्याच्या आणि माझ्या मधे धरते आणि शांतपणे चालत जाते, बहुतेक वेळा दहा-वीस पावलांत त्याचा उत्साह संपतो. चावला किंवा नुसतं ओरखडलं तरी मात्र लपवू नका, जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रेबीजच्या लसीला उशीर चालत नाही.

गुरं रस्त्यावर असतील तर थांबा, हाकणाऱ्याकडे बघा, तो हाताने सांगतो कधी जायचं ते. अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला तर खाली उतरून कडेला उभं राहायचं, त्याला मागे घेणं अवघड असतं आणि तो कामावर आहे, आपण फिरायला आलोय.

त्याच कारणाने पिकात पाय टाकायचा नाही, पीक नसलेलं रान दिसलं तरी विचारल्याशिवाय नाही, नुकतीच पेरणी झालेली असू शकते. फाटक उघडं असेल तर उघडंच सोडायचं आणि बंद असेल तर आपल्यामागे बंद करायचं. माणसांचे फोटो विचारून. शेतात काम करणाऱ्याला आधी हात हलवून नमस्कार केला की पुढचं सगळं सोपं होतं, आणि कधी कधी तो स्वतःहून सांगतो की हे कसलं पीक, पाणी कुठून येतं, यंदा काय झालं. गाइडला जे माहीत नसतं ते अशा पाच मिनिटांत कळतं, म्हणून थांबे कमी करायची घाई करू नका आणि गाइडला तसं सांगाही.

पायरी ९ : पाणी आणि खाणं

तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, ऊन कडक असेल तर थोडं जास्त, आणि एकदम गटागट नाही, दर १५-२० मिनिटांनी दोन-तीन घोट. तीन-चार तास घाम गाळून नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पिणंही बरं नाही, रक्तातलं मीठ कमी होतं, म्हणून एका बाटलीत मीठ-साखर किंवा ओआरएस असू द्या.

तासाभराच्या आतली टूर असेल तर वाटेत खायची गरज नसते. त्याहून लांब असेल तर दर तासाला ३० ग्रॅम तरी कार्बोहायड्रेट पोटात जाऊ दे, मध्यम आकाराच्या एका केळ्यात जवळजवळ तेवढं असतं. भूक लागायच्या आधी खायचं. हात-पाय एकदम गळाल्यासारखे झाले, चिडचिड व्हायला लागली, तर ती बहुतेक भूकच असते.

उन्हात चक्कर, मळमळ, डोकं जड, अंगावर काटा येणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी थांबा आणि सांगा. सावली, कपडे सैल, अंगावर पाणी. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा गोंधळलेला दिसला तर तो उष्माघात असू शकतो, तिथे वाट बघायची नाही, अँब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून थंड करत राहायचं. तुमच्या शेजारी चालवणाऱ्याकडेही लक्ष ठेवा, ज्याला होतं त्याला स्वतःला ते कळत नाही.

पायरी १० : दुखायला लागलं तर

गुडघा पुढून दुखतोय, सीट बहुतेक खाली आहे. मागून दुखतोय, बहुतेक वर आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतंय, तळहातावर भार पडतोय, हात हँडलवर सारखे बदला, कोपर वाकवा, मनगट सरळ ठेवा. मान आखडली तर खांदे कानाजवळ चढलेत का बघा, चढलेलेच असतात. बुडासाठी एकच उपाय, दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहून काही सेकंद रक्त खेळू द्यायचं. सीटचं टोक वर-खाली झुकलेलं असेल तर सपाट करून घ्या.

यातलं प्रत्येक काम गाइडच्या पान्याने दोन मिनिटांत होतं. सांगितलं तर.

पायरी ११ : पंक्चर झालं की बघायला उभं राहा

पंक्चर गाइड काढतो, पण तेव्हा फोन काढून बाजूला जाऊ नका, जवळ उभं राहून बघा, इथे फुकटात शिकायला मिळतं. तो मागचं चाक काढायच्या आधी गिअर सगळ्यात लहान चकतीवर आणतो म्हणजे चेन सैल होते. व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने टायर उचकटतो, ट्यूब बाहेर काढतो, थोडी हवा भरून गालाजवळ नेतो, बारीक हवा गालाला लगेच कळते. मग टायरच्या आतून हलक्या हाताने बोट फिरवतो, कारण काटा किंवा काच आतच राहिली तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत जाते, आणि ही पायरी विसरणारे लोक एकाच जागी दोनदा पंक्चर काढताना मी पाहिलेत. ट्यूबला शेजारीशेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर काटा नव्हता, हवा कमी होती आणि दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली. टायर परत बसवताना शेवट व्हॉल्वपाशी करायचा, तिथे सैल पडतं. एकदा स्वतः करू द्या म्हणा, बहुतेक गाइड आनंदाने करू देतात.

पायरी १२ : परतीचा रस्ता

बाहेर जाताना सगळे सावध असतात, परत येताना नाही. पाय थकलेले, डोकं सैल, आणि तेव्हाच ट्रॅफिक सुरू होतं. शहराची हद्द यायच्या आधी एक थांबा घ्या, पाणी प्या, काहीतरी खा, संध्याकाळ असेल तर पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा लावा. उभ्या गाड्यांच्या अगदी जवळून जाऊ नका, दार कधीही उघडतं, हातभर जास्तच अंतर ठेवा. मोठ्या गाडीच्या आतल्या बाजूने वळणावर कधीही शिरायचं नाही, ड्रायव्हरला तिथली सायकल दिसतच नाही. आणि अगदीच थकला असाल तर शेवटचे पाच किलोमीटर बॅकअप गाडीत बसा, मघाशी जे बघायचं होतं ते बघून झालंय.

सायकल परत द्यायच्या आधी एक काम राहतं. दिवसभर सीट जुळवून जुळवून एकदाची बरोबर बसलेली असते, ती उंची मोजून घ्या, जिथे पायडलचा दांडा फिरतो त्या मधल्या बोल्टपासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत, सीटच्या नळीला धरून सरळ. टेप गाइडकडे असतो, नसेल तर एखादी दोरी लावून खूण करा. आकडा फोनमध्ये लिहून ठेवा, कुठल्या गिअरवर कुठला चढ गेला, काय दुखलं, कुठल्या साइझची सायकल होती तेही दोन ओळीत. पुढच्या वेळी कुठल्याही गावात कुठलीही सायकल हातात आली की गाइडला तो आकडा सांगा, एका मिनिटात सीट लागेल.